शाडूचं मूत्राशय

आमच्या शाळेत शरीरशास्त्राच्या पुस्तकातला एक धडा दर वर्षी राहून जायचा. पचनसंस्था शिकवून व्हायची, रक्ताभिसरण व्हायचं, श्वसन तर मास्तर मंडळी छाती फुगवून शिकवायची. मूत्रसंस्थेचं पान आलं की मात्र नेमकी घंटा वाजायची, किंवा मास्तरांना खोकला यायचा, आणि फर्मान सुटायचं, "हा भाग घरी वाचा." मुलं घरी काहीच वाचत नसत, आणि मुली ते पान न बघता उलटायच्या.

मी त्या शाळेत लागले तेव्हा पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. पनवेलच्या पूर्वेला आज जिथे सेक्टर आणि इमारती आहेत तिथे तेव्हा भाताची खाचरं होती. शाळेतली मी एकटी बाई. शिवाय आम्ही बेने इस्राएल, म्हणजे शनिवार पाळणारे ज्यू. शनिवारी सकाळची शाळा मुख्याध्यापकांनी मला माफ केली, आणि त्याचा मोबदला म्हणून कुणालाच नको असलेले सगळे विषय माझ्या गळ्यात मारले. त्यात शरीरशास्त्र होतं. मी लहानपणापासून फटकळ. आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाडच नाही." त्यामुळे एखादा धडा लाजून सोडून द्यायचा असतो हे मला उमजलंच नाही. मी तो शिकवला.

शिकवायला मला आवडायचंही. आमच्याकडे शुक्रवारी मटण आलं की आई गुर्द्यावरची पांढरी चरबी आधी सोलून टाकायची, कारण ती आम्हाला वर्ज्य. चरबी निघाली की आतून तो तपकिरी, गुळगुळीत, काजूच्या आकाराचा गुर्दा निघायचा, आणि मला तो फार देखणा वाटायचा. माणसाचंही मूत्रपिंड तसंच, मी वर्गात सांगितलं. मुठीएवढी दोन, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. उजवं जरासं खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृत बसलेलं असतं. अंगातलं सगळं रक्त फिरून फिरून तिथे येतं, लाखो बारीक गाळण्यांतून जातं. गाळलेलं बहुतेक पाणी शरीर पुन्हा परत घेतं, कारण शरीर चिक्कू असतं. उरलेली घाण आणि थोडं पाणी वीतभर लांबीच्या दोन नळ्यांमधून थेंब थेंब खाली मूत्राशयात उतरतं. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी, रिकामी असली की सुरकुतलेली, भरत गेली की ताणणारी. तिच्या तोंडाशी दोन दारं. एक आपलं आपण उघडतं, दुसरं आपल्या हुकमात असतं.

मुलं फिदीफिदी हसली. ती हसणारच, मी त्यांना हसू दिलं. हसून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नेऱ्याकडच्या एका वाडीतून रोज चालत यायची. आठवीत होती, गणितात मुलांना मागे टाकायची आणि प्रश्न विचारताना नेहमी छताकडे पाहायची. तिने छताकडे पाहत विचारलं, "बाई, ते हुकमातलं दार दिवसभर बंदच ठेवलं तर काय होतं?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. पिशवी ताणते, दुखतं, पाणी तुंबलं की जंतू वाढतात, आणि बायकांचा मार्ग आखूड असल्यामुळे ते लवकर वर चढतात. चढत चढत मूत्रपिंडापर्यंत गेले तर थंडी वाजून ताप येतो. ती "बरं" म्हणून खाली बसली. मी पुढच्या आकृतीकडे वळले. तिने तो प्रश्न पुस्तकासाठी विचारला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला.

आठवड्याने ती यायची बंद झाली. तिच्या शेजारी बसणारीकडून कळलं, ताप आहे, पाठीत कळा आहेत, उन्हाळी लागली आहे. आपल्याकडे लघवीच्या आगीला उन्हाळी म्हणतात आणि धण्याचं पाणी देऊन विसरून जातात. मग मी त्या शेजारणीला खोदून खोदून विचारलं आणि मला धडाच मिळाला. शाळेत मुलांसाठी कुंपणामागे जागा होती. मुलींसाठी काही म्हणजे काहीच नव्हतं. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, मधल्या सुट्टीत मी जाऊन यायचे, म्हणून मला कधी प्रश्नच पडला नव्हता. मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत, शाळेत माठाकडे फिरकत नसत, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ओठ आवळून बसत. मोठ्या मुली धाकट्या मुलींना हे असं शिकवतही होत्या, जसं वेणी घालायला शिकवतात तसं.

रविवारी मी तिच्या वाडीवर गेले. ती घोंगडी पांघरून पडली होती, चेहरा पिठासारखा. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत असं सांगितलं होतं. मला बघून ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत तस्संच झालं." तिला त्याचं जरा कौतुकच वाटत होतं. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिचे वडील बांधावरून हात धुऊन आले. मला त्यांनी गूळपाणी दिलं, विचारपूस केली, आणि मग शांतपणे सांगितलं, "पोर हुशार हाय, ठाव हाय मला. पन बाई, पोर जगली तर हुशार. ती शाळेत पानी पीत नाय, आन् न पिता ती मरंल. आमी तिला पुन्हा धाडनार नाय."

"आणि शाळेत सोय झाली तर?"

"झाली तर बगू," ते म्हणाले. पण आवाजावरून कळत होतं की हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत.

सोमवारी मी मुख्याध्यापकांसमोर उभी. सज्जन माणूस, सर्वांशी गोड, फक्त अडचणीचा शब्द आला की चष्मा पुसायला घ्यायचा. मी म्हटलं, मुलींसाठी मुतारी हवी. त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण ती, म्हणजे, ती सोय करायची तर शाळा समिती हवी. समितीपुढे मी विषय कसा काढू? त्यात सगळी पोक्त माणसं."

"मी काढते."

"तुम्ही काढालच हो," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "म्हणूनच तर मला भीती वाटते. निदान तो शब्द तरी वापरू नका."

समितीची बैठक दिवाळीनंतर होती. माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. त्या पोक्त माणसांना आतली यंत्रणा डोळ्यांनी दाखवली तर पटेल. बोकडाचा गुर्दा आणून टेबलावर कापला असता, पण समितीतले निम्मे लोक कांदासुद्धा न खाणारे. मुतारी राहिली बाजूला, त्यांनी मलाच शाळेबाहेर काढलं असतं. चित्र काढावं तर माझी चित्रकला अशी की मुलांना मूत्रपिंड आणि रताळं यातला फरक सांगावा लागायचा. तेव्हा मला आमच्या गल्लीच्या टोकाचा गणपतीचा कारखाना आठवला.

गणपती आणि गौरी होऊन गेल्यावर मूर्तिकाराचे हात रिकामे असायचे. मी पुस्तक घेऊन गेले आणि आकृती दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुमच्यात मूर्ती चालत नाही ना?"

"ही मूर्ती नाही हो, माणसाच्या पोटातलं आहे."

"मग डोळे नाहीत?"

"डोळे नाहीत."

ते जरा हिरमुसले. डोळ्यांची आखणी हे त्यांच्या हातचं खरं काम, त्यासाठी पेणपासून माणसं यायची. पण काम घेतलं. पाटाला हळदकुंकू लावल्याशिवाय शाडूला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम, तो त्यांनी मूत्रपिंडासाठीही मोडला नाही. मी दिवसाआड जाऊन बसायचे. आमचा एकच वाद झाला, तो उजव्या मूत्रपिंडावरून. त्यांनी दोन्ही सरळ एका रेषेत केली होती. मी म्हटलं, उजवं खाली घ्या. ते म्हणाले, डोळ्याला खटकतं. मी म्हटलं, देवाने तसंच केलंय. ते म्हणाले, देवाचं ठीक आहे, त्याला गिऱ्हाईक बोलत नाही, माझ्या हातून असं गेलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात चळला. शेवटी उजवं बोटभर खाली आलं.

पण काय सुंदर काम केलं होतं! पाटावर उभं केलेलं, पोकळ, गेरूच्या रंगाची दोन मूत्रपिंडं, लाल रोहिणी, निळ्या नीला, पिवळसर नळ्या, आणि खाली त्याच गेरूत रंगवलेलं नारळाएवढं गोल मूत्राशय, त्याला खाली छोटं तोंड. वरून रोगण दिलेलं, सगळं नव्या पितळी भांड्यासारखं चकाकत होतं. मूत्राशयाच्या काठाला सोनेरी रेघ. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, "हात थांबला नाही."

आता इथे माझं डोकं जास्त चाललं. नुसतं दाखवण्यापेक्षा वरून पाणी ओतावं, ते मूत्राशयात साठावं, खालच्या तोंडाला बूच लावावं, आणि म्हणावं, पाहा, मुलगी सकाळपासून असं धरून बसते. ही कल्पना मला बैठकीच्या आदल्या दिवशी सुचली. मूर्तिकारांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. जन्मभर मी पनवेलच्या तळ्याकाठी विसर्जन पाहिलेलं. पण पुस्तक शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा आकृती शिरली की बाकी काही शिरत नाही. आमच्या मोरीत मी पेलाभर पाणी ओतून पाहिलं, बूच काढलं, पाणी धार धरून खाली आलं. मी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "तुझं लग्न का जमत नाही ते आत्ता कळलं."

बैठक अध्यक्षांच्या घरी असायची, त्यांच्या ओटीवर. अध्यक्ष म्हणजे मिठागरांचे मालक, खाडीकडची खारजमीन त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. स्वतः चार इयत्ता शिकलेले, पण शाळेला जागा त्यांनीच दिली होती. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे, आणि बोलायला लागले की थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. त्यांच्या शेजारी एक वकील, दोन व्यापारी, आणि आमचे मुख्याध्यापक, चष्मा आधीच पुसायला घेतलेला. अध्यक्षांच्या पत्नी चहाचे पेले पाठवून आतल्या दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. त्यांना सगळे काकी म्हणायचे. त्या कधी बैठकीत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी टेबलावर पाट ठेवला, वरचं फडकं काढलं. एका व्यापाऱ्याने सवयीने हात जोडले आणि मग चटकन खाली घेतले. मी सगळं सांगितलं. गाळण्या, नळ्या, पिशवी, दोन दारं. तांब्यातलं पाणी वरून ओतलं, मूत्राशय भरलं, बूच घट्ट होतं. "ही आपल्या शाळेतली मुलगी," मी म्हटलं. "सकाळपासून अशी बसते. एक मुलगी यामुळे अंथरुणावर आहे, आणि तिचे वडील तिला आता पाठवणार नाहीत. मला मुलींसाठी मुतारी हवी."

शब्द बाहेर पडला. वकिलांनी कौलं मोजायला घेतली. मुख्याध्यापकांचा चष्मा इतका स्वच्छ झाला असेल की त्यातून पुढचं शतक दिसावं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हो किंवा नाही. पण ते बोलायला लागले ते त्यांच्या लहानपणापासून. त्यांची शाळा, त्यांचे पंतोजी, मग मिठागरात काम करणारी माणसं, मग मीठ, मग मिठाला गोड्या पाण्याचं वैर. मी मान डोलवत होते आणि माझी नजर मूत्राशयावर होती. सोनेरी रेघेखाली एक थेंब आला. मग तिथला रंग काळवंडला. मग ते गोलगोमटं मूत्राशय हळूहळू खाली लोंबायला लागलं, पिकून गळायला आलेल्या फणसासारखं. त्या क्षणी मला तळं आठवलं, गणपती आठवला, सगळं आठवलं. त्या मूर्तिकाराने आयुष्यात पाण्यात विरघळणार नाही अशी वस्तू केलीच नव्हती! पण अध्यक्ष बोलत असताना मध्ये तोंड घालायची कुणाची टाप होती? मी एक हात पुढे केला. ते म्हणाले, "थांबा बाई, मुद्द्यावरच येतोय."

मुद्दा आला नाही. मूत्राशय आलं. भदकन खाली बसलं आणि गेरूने लालभडक झालेलं पाणी टेबलभर पसरून वकिलांच्या कागदांवरून अध्यक्षांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उतरलं.

अध्यक्ष ताडकन उठले. मांडीवरचं लाल पाणी बघून त्यांचा चेहरा उतरला. "फुटली!" ते ओरडले. "बाई, पोरींची आशी फुटंल?"

तेच पुढे म्हणाले, "फुटनारच. उघाडी ओहोटीला पन लावूनच ठिवली का आतलं पानी साचून बांध फुटतोच. माजा सवताचा फुटलाय, भरती आत शिरून आख्खी शेती खारट झाली. पानी आडलं का कुठून तरी निघनारच! लिवा मुख्याध्यापक, लिवा. उद्याच्या उद्या बांधायला घ्या." उघाडी म्हणजे खारबांधाची झडप, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी. ज्याचं सगळं आयुष्य बांधावर गेलंय त्याला आणखी दुसरं काय वाटणार?

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेत सगळी प्रार्थना होती: बाई, देवासाठी आता गप्प बसा. गप्प बसले असते तर काम झालं होतं. मला मोह पडला नाही असं सांगणं खोटं ठरेल. पण हा भला माणूस गावभर सांगत सुटणार, पोरींची पिशवी फुटते म्हणून. मुली घाबरतील, आयाबाया घाबरतील, आणि कुणी शाळेत पोरी पाठवणार नाही. शिवाय मी बाई होते शाळेतली, धडा चुकीचा राहिला तर मला झोप येत नाही.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "तशी फुटत नाही. हे शाडूचं होतं, आणि मी मूर्खासारखं त्यात पाणी ओतलं. माणसाची पिशवी ताणते, दुखते, आजार होतो. पण अशी फुटत नाही."

अध्यक्ष परत खाली बसले. भीती ओसरली तशी वकिलांना वाचा फुटली. कागद झटकत ते म्हणाले, "मग फुटत नसेल तर एवढी घाई कशाची? आजवर मुली थांबतच आल्या ना? मुलांच्या देखत मुलींनी उठून तिकडे जायचं, ते बरं दिसेल का? पुढच्या वर्षी विचार करू." व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडू आलं की मी भांडते, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

"फुटत नाय," दारातून आवाज आला. "बायचं खरं हाय. माजी नाय फुटली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकी चौकट सोडून एक पाऊल पुढे आल्या होत्या. पदर डोक्यावर तसाच, आवाज बारीक, पण थरथरत नव्हता. त्या नवऱ्याकडे बघून बोलत होत्या, जणू बाकी आम्ही कुणी तिथे नव्हतोच.

"लगीन झाल्यापासून मी उजाडायच्या आत जाते, आन् काळोख पडल्यावर जाते. मदी पानी तोंडाला लावत नाय. तुमी भर उन्हात मिठागरावरून येता, मी तुमाला तांब्या देते आन् सवता घोटभर पीत नाय. उन्हाळी लागते तवा आतून निखारे पडतात. सासूला बोलले तर ती बोलली, बाईची जात, सोस. तिनं पन सोसलंन. आपली पोर माहेराला येते ती पन दिवसभर पीत नाय, तुमी कदी बगितलंव?" त्या जरा थांबल्या. "नाय फुटत. फुटली आसती तर बरं झालं आसतं. येकदा तरी आवाज झाला आसता, आन् तुमाला ऐकू आला आसता."

ओटीवर टेबलावरून पाणी ठिबकत होतं. वकील पुन्हा कौलांकडे पाहायला लागले. मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली, काही दिली, पण असं एकही नाही.

अध्यक्ष बराच वेळ धोतरावरचा डाग चोळत राहिले. तो निघणारा नव्हता. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "लिवा. मुलींची मुतारी." ते नेहमीच्या दणदणीत आवाजात म्हणाले, आणि त्या बैठकीत माझ्याशिवाय तो शब्द उच्चारणारे ते पहिले. "घरचं मी बगतो," हे मात्र हळू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिकारांना सगळं सांगितलं. ते पोट धरधरून हसले. मग गंभीर होऊन विचारलं, "पण उजवं राहिलं ना धड?" राहिलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं धड होती, गेलं ते फक्त मूत्राशय. त्यांनी नवीन करून दिलं आणि बजावलं, "बाई, हे बघायचं. याला पाजायचं नाही."

मिठागरावरच्याच गवंड्यांनी शाळेच्या मागच्या बाजूला भिंती उभ्या केल्या. वर कौलं, आतून कडी लागणारं दार, बाहेर पाण्याचं पिंप. वाट कुंपणाच्या आडून काढली, म्हणजे वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ते बरं दिसावं. मी पुन्हा वाडीवर जाऊन आले. ती मुलगी बरी झाली होती, भात झोडत होती. वडील म्हणाले, "आदी बगतो, मंग बोलतो." आणि खरंच तिला घेऊन बघायला आले. बाहेरून दाराला हात लावला, कडी ओढून पाहिली, आत डोकावून कौलं पाहिली. गाईचा गोठा पारखावा तसं पारखलं आणि मुलीशेजारी येऊन उभे राहिले.

मुख्याध्यापकांना वेगळीच चिंता. बांधलेल्या वास्तूचं काहीतरी उद्घाटन व्हायला हवं, समिती आली आहे, मुली रांगेत उभ्या आहेत. पण करतात काय? नारळ फोडावा तर कसंसंच. फीत लावावी तर कापून आत कोण जाणार? ते माझ्या कानाशी लागले, "बाई, याचं करतात कसं?" मीही गडबडले. एवढा सगळा धडा मला पाठ, पण हे पुस्तकात नव्हतं.

काकी बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. नेसूची नवी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पदर खोचला, पिंपातून टमरेल भरून घेतलं, भर दुपारी, सगळ्या गावासमोर, सरळ आत गेल्या आणि कडी लावली. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. समितीतली पोक्त माणसं आभाळात घारी शोधायला लागली. अध्यक्ष तेवढे दाराकडे पाठ करून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले, हात मागे बांधून. काकींनी घाई केली नाही. मुलींच्या रांगेतून आधी खुसखुस झाली, मग हसू, मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि मीही.

दार उघडलं. काकी बाहेर आल्या, पिंपाशी हातपाय धुतले, आणि समोर उभ्या असलेल्या त्या वाडीवरच्या मुलीला म्हणाल्या, "मना पानी दे गो."

ती पळत जाऊन वर्गातल्या माठातून तांब्या भरून घेऊन आली. काकी उन्हात उभ्या राहून, तांब्या वर धरून, न थांबता प्यायल्या. पाणी हनुवटीवरून साडीवर सांडलं, ते त्यांनी पुसलं नाही. अर्धा तांब्या झाल्यावर तो त्यांनी तिच्या हातात दिला.

"आता तू पी."

तिने आधी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावरून काढून तिच्या खांद्याला अडकवलं. मग ती प्यायली, तांब्या रिकामा होईपर्यंत.